वय नको, पत्रा बघा

गाडी १५ वर्षांची होत आली की घरात दोन पार्ट्या पडतात. पोरं म्हणतात काढून टाका आता, लग्नाला न्यायची लाज वाटते, आणि वडील म्हणतात चालतीय की अजून, काय झालंय तिला. मग मिस्त्रीला विचारलं जातं, तो म्हणतो ४० हजाराचं काम आहे, तेवढ्यात शोरूमवाल्याचा एक्स्चेंज बोनसचा फोन येतो, आणि शेवटी घरात जो मोठ्यानं बोलतो त्याच्या मनासारखं होतं. माझं म्हणणं असं आहे की यात सगळेच चुकीची गोष्ट मोजतात, घरातले पण आणि सरकार पण. सगळे गाडीचं वय मोजतात. आणि वयावरून काही कळत नाही, निदान आपल्या बेळगाव भागात तर अजिबातच नाही.

जिल्हा एक असला तरी आपल्याकडं हवामान दोन आहेत. अथणी, रायबागकडं पाऊस बेताचाच, तिकडची २०१० ची वॅगन आर खालून बघितली तर पत्रा अजून टणक लागतो, धूळ भरपूर पण गंज नाही. तीच गाडी, त्याच वर्षाची, खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहिलेली असली तर चार महिने वरून पाऊस आणि खालून लाल चिखल, दाराच्या खालची पट्टी स्क्रूड्रायव्हरनं टोचली की स्क्रूड्रायव्हर आत. तिसरी गोव्याची. चोर्ला उतरलं की गोवाच, त्यामुळं जीए पासिंगच्या सेकंडहँड गाड्या आपल्याकडं येतात, रीडिंग कमी, सीटा स्वच्छ, भाव पण बरा, आणि किनाऱ्यावर उभी राहिलेली असली तर खाऱ्या हवेनं खालून पोखरलेली. आणि चौथी पुराची. २०१९ आणि २०२१ ला वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभेच्या काठाला काय झालं ते मी सांगायला नको, यमगर्णीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. बुडालेल्या गाडीचं इंजिन खोलून, धुवून, परत बसवता येतं खरं, पण वायरिंगच्या जॉइंटात जो गंज बसतो तो वर्षा-दोन वर्षांनी डोकं वर काढतो, आज लाइट गेली उद्या सेन्सर गेला, मिस्त्री पण वैतागतो. आता या चारही गाड्यांच्या आरसीवर साल एकच लिहिलेलं असतं. सालावरून काय ठरवणार तुम्ही?

माझा हिशोब साधा आहे, गाडीत जे बोल्टानं लावलंय ते बदलता येतं आणि जे वेल्डिंगनं जोडलंय ते गेलं की गाडी गेली. क्लच प्लेट, शॉकअब्सॉर्बर, लोअर आर्म, रेडिएटर, अगदी रिंग-पिस्टनचं काम सुद्धा, ही सगळी बोल्टाची कामं, घाबरायचं कारण नाही. आणि असल्या कामाला बेळगावसारखं गाव नाही हे मी अभिमानानं नाही तर हिशोबानं सांगतोय, उद्यमबागेत लेथ, ग्राइंडिंग, क्रँकशाफ्टचं काम करणाऱ्या शेडच्या शेड आहेत, फाउंड्री आहेत, कंपनीनं बंद केलेला एखादा बुश टर्नरला दाखवला तर तो मापानं करून देतो, आणि नाहीच झालं तर दोन तासांवर कोल्हापूरची शिरोली एमआयडीसी. बेंगळूर-पुण्यातल्या माणसाला जुनी गाडी ठेवणं महाग पडतं कारण तिथं माणसाच्या हाताचा तास महाग आहे. आपल्याकडं मजुरी अजून आवाक्यात आहे. त्यामुळं तिकडचे व्हिडिओ बघून इकडं गाडी विकायची घाई करू नये.

पण पत्र्याचं तसं नाही. आजकालच्या छोट्या गाड्यांना वेगळी चासी नसते, बॉडी हाच सांगाडा असतो. पुढच्या शॉकअब्सॉर्बरचं वरचं टोक ज्या पत्र्याला धरलेलं असतं तो पत्रा, दारांच्या खालचा पोकळ बॉक्स, आणि पायाखालचा फ्लोअर, या तीन ठिकाणी गंज आरपार गेला असेल तर वरून कितीही टिंकरिंग-पेंटिंग करा, ती गाडी धडकेत आतल्या माणसाला वाचवायच्या लायकीची राहत नाही. पॅच मारून वर काळा कोटिंग फासला की दिसत नाही एवढंच. बोलेरो, सुमो, ट्रॅक्सची गोष्ट निराळी, त्यांना खाली स्वतंत्र चासी आणि वर बसवलेली बॉडी, म्हणून तर वडापच्या म्हाताऱ्या ट्रॅक्स अजून धावताना दिसतात, त्या कशा धावतात आणि किती माणसं भरून धावतात तो वेगळा विषय आहे. तर निर्णय घ्यायच्या आधी गाडी लिफ्टवर चढवा आणि टॉर्च घेऊन स्वतः खाली जा. मिस्त्रीवर विश्वास आहे हो, तरी स्वतः बघा.

आता पैशाचं. एक नियम सगळीकडं फिरतो, की दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी विका. ऐकायला शहाणपणाचा वाटतो पण जुन्या गाडीला लावला की फसतो. समजा १४ वर्षांच्या गाडीला बाजारात लाखभर येतात, मग ५०-६० हजाराचं कुठलंही काम निघालं की नियमाप्रमाणं विकायचीच. विकून काय करायचं? लाखात दुसरी आणली तर ती पण कुणाची तरी १४ वर्षांचीच असणार, फरक एवढाच की तुमच्या गाडीचा आजार तुम्हाला माहीत आहे आणि त्या गाडीचा माहीत नाही. दुरुस्तीची बरोबरी गाडीच्या बाजारभावाशी करायचीच नसते, पुढची दोन वर्षं दुसऱ्या गाडीनं काढायला किती लागतील त्याच्याशी करायची असते.

तेच करून बघू. ८ लाखाची गाडी घेतली, दीड लाख भरले, साडेसहा लाखाचं कर्ज ९ टक्क्यानं ५ वर्षांसाठी, तर हप्ता बसतो साधारण साडेतेरा हजार. म्हणजे मिस्त्रीनं सांगितलेलं ४० हजाराचं काम, ज्याच्यावरून घरात भांडण झालं, ते तीन हप्त्यांएवढं आहे. पाच वर्षांत व्याजच १ लाख ६० हजाराच्या आसपास जातं. शिवाय रोड टॅक्स, शिवाय फुल इन्शुरन्स, आणि पाच वर्षांनी विम्याच्या ठरलेल्या टेबलानं गाडीची किंमत निम्म्यावर आलेली. जुन्या गाडीला थर्ड पार्टी विमा पुरतो, १००० ते १५०० सीसीच्या गाडीला त्याचा मूळ दर २०२२ ला ३,४१६ रुपये ठरवला होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, किमती उतरल्या, हे खरं आहे आणि ज्याला घ्यायचीच आहे त्यानं त्याचा फायदा घ्यावाच, पण हप्ता हा हप्ताच राहतो. उसाचं बिल कधी येईल ते कारखान्याच्या हातात असतं, हप्त्याची तारीख मात्र बँकेच्या हातात. शेतीवरच्या माणसानं हा एक मुद्दा बाकी सगळ्या हिशोबाच्या वर ठेवावा असं मला वाटतं.

यात एक अट आहे, की ४० हजाराचं काम केलं की गाडी दोन-तीन वर्षं शांत राहिली पाहिजे. दर दोन महिन्याला ७-८ हजार लागत असतील तर ती दुरुस्ती नव्हे. गेल्या दोन वर्षांची सगळी बिलं एका कागदावर लिहा, पंक्चर सोडून, आणि बेरीज बघा, बहुतेक वेळा आकडा वाटला त्याच्या निम्मा निघतो, कधी कधी दुप्पट निघतो, पण निघतो तो खरा निघतो. दुसरी गोष्ट, जुन्या गाडीचा फुल इन्शुरन्स काढत असाल तर आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीनं धरलेली गाडीची किंमत, किती लिहिलीय ते वाचा. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी टोटल लॉस धरते, आणि आयडीव्ही ९० हजार असेल तर समोरचं बंपर-बॉनेट-रेडिएटर आणि एक दार गेलं तरी तो आकडा गाठला जाऊ शकतो, चांगली चालणारी गाडी कागदावर मरते.

रनिंग किती आहे हे सुद्धा कुणी विचारत नाही. वर्षाला ५ हजार किलोमीटर म्हणजे आठवड्याचा बाजार, दोन-चार लग्नं, सौंदत्ती, जोतिबा, आणि मिरजेला दवाखान्याला. जुनी गाडी १४ चं अ‍ॅव्हरेज देते आणि नवी २० चं धरलं तर वर्षाला १०७ लिटर पेट्रोल वाचतं, शंभर-एकशेतीनच्या भावानं ११ हजार. ११ हजार वाचवायला साडेतेरा हजाराचा हप्ता, तो पण महिन्याचा. पण जो निपाणीहून रोज कोल्हापूरला नोकरीला जातो त्याचं वर्षाला २० हजार किलोमीटर होतं, त्याचे ४० हजारावर वाचतात, आणि रस्त्यात बंद पडली तर कामाचा दिवस जातो, त्यानं बदललेली बरी. एकाच बोळातली दोन घरं, एकाच सालाच्या दोन गाड्या, उत्तर वेगळं.

पर्यावरणाचं म्हणाल तर नवी छोटी गाडी कारखान्यात तयार होतानाच ५ टनाच्या पुढं कार्बन डायऑक्साइड सोडते असं साधारण धरतात. ते १०७ लिटर पेट्रोल वाचलं म्हणजे वर्षाला पाव टन वाचला. पाच टन फिटायला २० वर्षं. तर ५ हजार किलोमीटर चालणारी पेट्रोल गाडी मोडून पर्यावरण वाचवतोय असं कुणी सांगत असेल तर त्याला हा गुणाकार दाखवा. जुन्या डिझेलचं मी समर्थन करणार नाही, काळा धूर सोडणारी बीएस-३, म्हणजे जुन्या प्रदूषण नियमातली डिझेल गाडी शाळेच्या रस्त्यावरून जाते तेव्हा कार्बनचा हिशोब कामाचा नाही, पोरांच्या छातीचा आहे.

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल आपल्या भागात बोलायची जरा अडचण होते, कारण ते इथेनॉल आपल्याच उसाचं. संकेश्वर, उगार, चिकोडी, कुठंही जा, कारखाना आहे, आणि इथेनॉलमुळं कारखान्याकडं पैसा येतो हे शेतकऱ्याला पण हवंच आहे. पण एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या २० टक्के इथेनॉल गृहीत धरून बनवलेल्या नाहीत. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबराला त्रास देतं, इंधनाचा पाइप, ओ-रिंग, गॅस्केट लवकर जातात. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात जुन्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ६-७ टक्क्यांनी पडेल असं लिहिलंय. म्हणजे ऊस आपला, आणि गळका पाइप पण आपलाच. तरी यासाठी गाडी विकायची गरज नाही, पाइप आणि सील बदलणं ही बोल्टाचीच कामं, पार्ट नव्या इंधनाला चालणारा मागा एवढंच, आणि गाडी महिना-महिना उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका. माझी तक्रार पंपावर आहे, जुन्या गाडीवाल्याला कमी इथेनॉलचं साधं पेट्रोल साध्या भावात घ्यायची सोय ठेवायला काय हरकत होती?

इथपर्यंत मी दुरुस्तीच्या बाजूनं बोललो, आता एक गोष्ट आहे जिच्यापुढं माझा सगळा हिशोब गप्प बसतो. एअरबॅग दुरुस्तीत बसवता येत नाही. ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली जुलै २०१९ पासून, शेजारच्या सीटची २०२१ च्या शेवटी, एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारी सोय, एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना. म्हणजे आज जी गाडी १२-१५ वर्षांची आहे तिच्यात, खालचं मॉडेल असेल तर, यातलं काहीच नाही. गल्लीत आणि बाजारात चालेल. पण ऊस हंगामात रात्री अथणी-चिकोडीच्या रस्त्यावर जाऊन बघा, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागं लाइट नाही रिफ्लेक्टर नाही, ट्रॉलीच्या बाहेर ऊस लोंबतोय, आणि समोरून अप्पर मारत एक ट्रक. किंवा तवंदीचा घाट पावसात. अशा रस्त्यानं बायकापोरं घेऊन वरचेवर जायचं असेल तर इंजिन घड्याळासारखं चालत असलं तरी मी म्हणेन गाडी बदला, नवी नाही झाली तर २०२० च्या पुढची सेकंडहँड घ्या, पत्रा बघून. गाडी बदलायचं हे खरं कारण आहे. क्लच गेला हे नाही आणि शेजाऱ्यानं एसयूव्ही आणली हे तर मुळीच नाही.

आता सरकारकडं येतो, कारण घरात जे होतं तेच तिकडं होतं, फक्त शिक्का मारून. खासगी गाडीची आरसी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी पासिंग. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या या पासिंगची फी ६०० वरून ५ हजार केली, आणि ऑगस्ट २०२५ ला २० वर्षांच्या पुढच्या गाडीला १० हजार. अथणीच्या कोरड्या पत्र्याच्या गाडीला तेवढेच आणि कणकुंबीच्या सडलेल्या गाडीला पण तेवढेच, ३० हजार किलोमीटर चाललेल्या मास्तरांच्या गाडीला तेवढेच आणि ३ लाख चाललेल्या फिरतीच्या नोकरीवाल्याच्या गाडीला पण तेवढेच. फी घ्या, माझी ना नाही, पण फी घेतली की गाडी खरंच तपासा. लिफ्टवर घ्या, खालचा पत्रा ठोका, ब्रेक मशीनवर बघा, धूर मोजा. जी नापास होईल ती १२ वर्षांची असली तरी रस्त्यावरून काढा आणि जी पास होईल तिला २५ वर्षांची असली तरी वाढीव फीचा दंड कशाला? आज एजंटाकडं कागद दिले की काम होतं असं लोक उघड बोलतात, आणि तसं असेल तर १० हजार फीनं रस्ता सुरक्षित होत नाही, फक्त महाग होतो.

या सगळ्यात अफवांचा बाजार वेगळाच. पेट्रोल १५ आणि डिझेल १० वर्षं हा नियम दिल्ली परिसराचा, हरित न्यायाधिकरणाच्या आदेशातून आलेला आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टानं लावलेला. कर्नाटकात तसा नियम नाही. तरी मोबाइलवर मेसेज येतो, माणूस घाबरतो, आणि दारात आलेल्या दलालाला चांगली बोलेरो कवडीमोलानं देऊन टाकतो, दलाल ती पुढच्या तालुक्यात आरामात विकतो.

आणि आपलं सीमेवरचं दुखणं याच्या वर. कर्नाटकात लाइफटाइम टॅक्स ५ ते १० लाखाच्या गाडीला १४ टक्के, १० ते २० लाखाच्या गाडीला १७, त्याच्यावर सेस आणखी. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखापर्यंत ११ आणि त्याच्या वर २० लाखापर्यंत १२. म्हणजे १२ लाखाच्या गाडीवर ६० हजाराचा फरक, आणि कागल नाका निपाणीपासून किती लांब आहे? मग लोक कागलच्या पाहुण्याच्या पत्त्यावर एमएच ०९ पासिंग करतात आणि गाडी केए २३ च्या गावात फिरवतात. कायद्यानं १२ महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात गाडी ठेवली की तिथलं पासिंग करायला लागतं, एनओसी आणा, इथला टॅक्स भरा, तिथला उरलेला परत मागा, आणि तो परत मिळवताना चपला झिजवा. वर सीमाप्रश्न पेटला की नंबरप्लेटच अंगावर येते, २०२२ च्या डिसेंबरात हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं.

याचा जुन्या गाडीशी संबंध काय, तर हाच की आपल्याकडं माणूस गाडी दुरुस्त करतो किंवा बदलतो ते बऱ्याच वेळा गाडी बघून नाही तर पासिंग बघून. एमएचची गाडी चांगली असून काढतो कारण कागदाची कटकट नको, आणि केएची सडलेली ठेवतो कारण नवीचा टॅक्स परवडत नाही. २०२१ ला बीएच सिरीज आली, म्हणजे राज्य बदललं तरी पासिंग बदलायला लागत नाही असा नंबर, ती कुणाला? केंद्र-राज्याचे कर्मचारी, लष्करातले, आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या कंपनीतले. ज्याचं शेत कर्नाटकात, लेक दिलेली महाराष्ट्रात, दवाखाना मिरजेत आणि भाजीचा गिऱ्हाईक गोव्यात, त्याला नाही. दोन राज्यांत रोज चाक फिरवणारा माणूस आपल्याहून दुसरा कोण आहे सांगा. सीमाभागातल्या माणसाला ही सिरीज द्या, किंवा निदान दोन्ही राज्यांनी आपल्या भागापुरता टॅक्स वळता करून घ्यायची पद्धत काढा, ही मागणी आपल्याकडच्या आमदारांनी, मग ते मराठी असोत की कन्नड, एकदा तरी विधानसभेत मांडावी. कर्नाटक विधानसभेचा सुवर्णसौध तर बेळगावातच बांधून ठेवलाय.

काढायचीच ठरली, पत्रा गेलेलाच आहे, तर एक काम नीट करा. भंगारवाला रोख देतो म्हणून गाडी ओढून नेऊ देऊ नका. अधिकृत स्क्रॅपिंग केंद्रात दिली तर गाडी जमा केल्याचं डिपॉझिट सर्टिफिकेट मिळतं, त्याच्यावर नव्या खासगी गाडीच्या टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सूट द्यायची तरतूद केंद्राच्या नियमात आहे, १४ टक्के टॅक्स भरणाऱ्याला ती थोडी नाही. ते जमलं नाही तरी आरसी रद्द करून घ्या आणि रद्द झाल्याचा कागद जपून ठेवा. नाहीतर तोच नंबर आणि तोच चासी नंबर उद्या दुसऱ्याच कुठल्या गाडीवर फिरला तर नोटीस तुमच्या दारात येणार, आणि ती कन्नडमध्ये असणार, म्हणजे आधी वाचून दाखवणारा शोधा आणि मग वकील.